एम-३५ ट्रकचे इंजिन नेमके कोणते?

अमेरिकी लष्कराच्या एम-३५ या अडीच टनी ट्रकचे इंजिन ओळखताना डॅशबोर्डवरील माहितीपट्टीवर विसंबून राहू नये, कारण ती वाहनाची असते आणि लष्करी कार्यशाळांत इंजिने सर्रास बदलली जात. इंजिनाच्या ठोकळ्यावर (ब्लॉकवर) बसवलेली त्याची स्वतंत्र पट्टी चिंधीने पुसून वाचावी. मूळ एम-३५ मध्ये पेट्रोलवर चालणारे रिओ इंजिन असल्याने कार्ब्युरेटर आणि स्पार्क प्लग दिसले की तो प्रश्न तिथेच मिटतो. खरा घोळ एम-३५ए२ या नंतरच्या आवृत्तीतील बहुइंधनी, म्हणजे एकाहून अधिक इंधनांवर चालणाऱ्या इंजिनांचा असतो. पट्टीवर एलडी-४६५ असेल तर इंजिन टर्बोविना, म्हणजे जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरविना असते, तर एलडीटी-४६५ मधील ‘टी’ टर्बोचार्जर दर्शवते. तरीही एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडापाशी) टर्बो प्रत्यक्ष बसवलेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. यातील ४६५ हा आकडा घन इंचांचा वाटला, तरी प्रत्यक्ष क्षमता ४७८ घन इंच, म्हणजे सुमारे ७.८ लिटर आहे, त्यामुळे निव्वळ आकड्यावरून सुटे भाग मागवू नयेत. शेवटचे १सी किंवा १डी हे अक्षरही टिपून घ्यावे. एलडीटी-४६५-१सीचा टर्बो शिट्टीसारख्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे, परंतु टर्बोही बदललेला असू शकतो.