ट्रेडमिलवरून थेट घाटात: या चुका टाळा

पाऊस लागला की पुण्या-मुंबईतले धावणारे जिममध्ये शिरतात. त्यात गैर काही नाही. ट्रेडमिलवर दम वाढतो, वेग एकसारखा राहतो, अंधाराची आणि गाड्यांची काळजी नसते. गडबड होते ती नंतर, पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा रस्त्यावर नेला जातो तेव्हा. ट्रेडमिल हृदय आणि फुप्फुसं तयार करते. उतार, ऊन, खडबडीत जमीन आणि स्वतःचा वेग स्वतः राखणं या गोष्टी रस्त्यावरच शिकाव्या लागतात. एवढं मान्य न केल्यामुळे दर मोसमात तेच लोक त्याच दुखण्यांनी बसलेले दिसतात.

उतार न सरावता घाटातल्या शर्यतीला जाणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचंच घ्या. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच वाटेने खाली यायचं. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे तयारीचे महिने भर पावसाचे. मग ठरलेलं चित्र दिसतं. धावणारा आठवड्यातून तीनदा ६ टक्के इन्क्लाइन (मशीनचा चढ) लावून पाऊण तास धावलेला असतो. घाट तो झकास चढतो. वळताना घड्याळ बघतो, वेळ अपेक्षेपेक्षा चांगली असते, आणि आता काय उतारच आहे म्हणून पाय मोकळे सोडतो. चार-पाच किलोमीटर गेले की मांडीचा पुढचा भाग थरथरू लागतो. पाऊल टेकलं की गुडघा सावरत नाही. शेवटचे किलोमीटर चालत काढावे लागतात आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दम त्याला कुठेच कमी पडलेला नसतो. मांड्यांनी जे काम कधी केलंच नव्हतं, ते एकदम दहा किलोमीटर करायला लावलेलं असतं.

चढताना मांडीचा स्नायू आखडत ताकद लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता शरीराचा भार रोखून धरतो. या दुसऱ्या कामात स्नायूचे तंतू जास्त दुखावतात. म्हणून दुखणं लगेच न येता २४ ते ७२ तासांनी सर्वाधिक जाणवतं. ट्रेडमिलवर ६ टक्क्यांवर १० किलोमीटर धावलात तर तुम्ही ६०० मीटर चढलात, पण उतरलात शून्य. काही महागड्या मशीनवर उणे ३ टक्क्यांपर्यंत उतार मिळतो, बहुतेक जिममध्ये मात्र तो नसतो.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर सुरू करावा लागतो. शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधी ३ ते ५ टक्क्यांचा, ३००-४०० मीटर लांबीचा, कमी रहदारीचा डांबरी उतार शोधा. पुण्यात टेकडीकडे जाणारे रस्ते आहेत, ठाण्यात येऊरचा रस्ता आहे. पहिल्या आठवड्यात चार वेळा उतरा, वर येताना चाला. दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवा, आठ-दहापर्यंत. पावलं लहान आणि भरभर, पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, टाच पुढे टाकून ब्रेक लावू नका, कंबरेतून मागे झुकू नका. पहिल्या दिवसानंतर मांड्या दुखतील. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोच उतार कमी दुखवेल, कारण स्नायू या कामाला चटकन सरावतात. शेवटचा उताराचा सराव शर्यतीआधी दहा-बारा दिवस संपवा. आदल्या आठवड्यात ‘एकदा घाट बघून येऊ’ म्हणून तीन-चार किलोमीटर उतरून येणारे लोक शर्यतीला दुखऱ्या मांड्या घेऊन उभे राहतात. ही घाई करू नका. सहा आठवडे हातात नसतील तर ती शर्यत सावकाश, उतारावर हात राखून धावा.

पडद्यावरच्या वेगावर डोळे मिटून विश्वास

मशीन तुमची पावलं मोजत नाही. ती मोटर किंवा रोलर किती फिरला ते मोजते आणि त्यावरून वेग दाखवते. बेल्ट ढिला असेल, खालची फळी कोरडी पडली असेल, तर पाऊल टेकताच बेल्ट क्षणभर अडखळतो. पडद्यावर १० आणि पायाखाली त्याहून कमी, असं सर्रास असतं. शेजारशेजारच्या दोन मशीनवर एकच आकडा लावून पाहा, फरक पायांनाच कळेल.

तपासायला दहा मिनिटं लागतात. मशीन बंद असताना बेल्टच्या कडेला खडूची खूण करा, बेल्ट हाताने सरकवत मोजपट्टीने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ती ३.२ मीटर भरली. आता कुणाला तरी त्यावर नेहमीच्या वेगाने धावायला सांगा. रिकाम्या बेल्टवर मोजलं तर खरा आकडा मिळत नाही, वजन पडल्यावरचाच वेग महत्त्वाचा. बाजूला उभं राहून खुणेचे २० फेरे मोजा आणि स्टॉपवॉच लावा. २० फेरे म्हणजे ६४ मीटर. त्याला २४ सेकंद लागले तर ६४ भागिले २४ गुणिले ३.६, म्हणजे ताशी ९.६ किलोमीटर. पडद्यावर १० असेल तर मशीन ४ टक्के जास्त दाखवतेय. किलोमीटरला ६ मिनिटं समजत होता, ती प्रत्यक्षात सव्वासहा आहेत. हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरवर हा फरक सव्वापाच मिनिटांचा होतो. मग मुंबई मॅरेथॉनला पहिल्या तासात ठरलेल्या वेगाला चिकटून पेडर रोडच्या चढावर गळपटलेला माणूस दोष पेडर रोडला देतो.

सवय म्हणून एकच मशीन धरा आणि तिचा फरक वहीत लिहून ठेवा. हिशेबही नीट करा: ६० ला ताशी वेगाने भागलं की किलोमीटरला लागणारी मिनिटं मिळतात, पण उत्तरातला दशांश म्हणजे सेकंद नव्हेत. ताशी ८ म्हणजे साडेसात मिनिटं, ९ म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद, ९.५ म्हणजे ६ मिनिटं १९ सेकंद. आणि मशीन मैलावर लावलेली नाही ना, तेही बघून घ्या. ६ मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या वर.

घड्याळावरही फार विसंबू नका. घरात उपग्रहाचा संकेत नसतो, ते हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज बांधतं. मशीनची दांडी धरली की तो अंदाजही कोसळतो.

दांडी धरून इन्क्लाइन

१२ किंवा १५ टक्के चढ लावायचा, पुढची दांडी घट्ट धरायची आणि मागे रेलून चालायचं. हे दृश्य प्रत्येक जिममध्ये आहे आणि त्यातून चढाचा सराव होत नाही. मागे रेललं की शरीर बेल्टशी काटकोनात येतं, म्हणजे सपाटीवर जसं असतं तसंच. वजनाचा काही भाग हात उचलतात. कॅलरीचा आकडा मात्र मशीन पूर्ण १२ टक्क्यांचा दाखवते, कारण तिला तुमचे हात दिसत नाहीत. हात सोडून जेवढा चढ झेपेल तेवढाच लावा. तो ४ टक्के निघाला तर ४. दांडी चढताना-उतरताना आधाराला आहे. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या धरून नाडी बघायचीही गरज नाही, धावताना त्या नीट मोजतच नाहीत. छातीचा पट्टा वापरा.

‘१ टक्का लावलाच पाहिजे’

ट्रेडमिलला कायम १ टक्का चढ ठेवावा, हा नियम अर्धवट ऐकून पसरला आहे. बंद खोलीत समोरून वारा कापावा लागत नाही, म्हणून त्याच वेगाला बाहेरपेक्षा थोडे कमी श्रम पडतात. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं की १ टक्का चढ लावला तर ही तूट भरून निघते. पण त्यांनी तपासलेले वेग साधारण ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटरचे होते. ताशी ८ ने धावणाऱ्याला वाऱ्याचा विरोध नगण्य असतो. त्याने शून्य ठेवलं काय नि १ ठेवला काय, फारसं बिघडत नाही. पोटरी किंवा टाचेमागची शीर दुखत असेल तर शून्यच ठेवा, चढाने तिथला ताण वाढतो.

एसीतला सराव आणि किनाऱ्यावरची शर्यत

जिममध्ये २२-२४ अंशांवर जो वेग आरामात निघतो, तो मुंबईच्या दमट सकाळी निघणार नाही. हवेतच ओल असल्यामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वाढते. पहाटे हवा थंड वाटते, पण सापेक्ष आर्द्रता बहुधा पहाटेच सर्वाधिक असते. उकाड्याला शरीर सरावायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि त्या दिवसांत खरोखर उकाड्यात धावावं लागतं. जानेवारीतल्या शर्यतीसाठी डिसेंबरमधले लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं) तरी बाहेरच करा. तिथे वेग न बघता नाडी किंवा श्वास बघा: छोटं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे.

घरी ट्रेडमिल असलेल्यांची अडचण उलटी. जागेवरच धावत असल्याने अंगावर वारा येत नाही आणि पंख्याशिवाय बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. डोक्यावरचा पंखा पुरत नाही. उभा पंखा समोर, छातीच्या उंचीवर ठेवा.

दोन महिने आत, मग एकदम सगळं बाहेर

ट्रेडमिलवर प्रत्येक पाऊल सारखं पडतं. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, खड्डे, गतिरोधक, वळणं, शेवाळ. घोट्याभोवतीचे लहान स्नायू या कामाला तयार नसतात. आठवड्याला चार वेळा धावत असाल तर पहिल्या दोन आठवड्यांत त्यातलं एकच, तेही सगळ्यात छोटं, बाहेर करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन. लाँग रन पाचव्या आठवड्याच्या आधी बाहेर नेऊ नका. ‘मी तर १५ किलोमीटर धावतो’ म्हणत पहिल्याच रविवारी १५ बाहेर काढणाऱ्यांची नडगी सोमवारी बोलते.

बाहेर पडल्यावर पहिला किलोमीटर हमखास वेगात जातो, कारण आजवर वेग बेल्टने धरून ठेवलेला असतो. तो मुद्दाम अर्धा मिनिट हळू काढा.

रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, हेही लक्षात असू द्या. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावणं बरोबरच आहे, पण रोज तेच केलं तर उजवा पाय कायम खाली पडतो आणि एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर कुरकुरते. बंद रस्ता किंवा मैदान मिळालं की दिशा बदला.

चढणं-उतरणं

चालत्या बेल्टवर उडी मारून चढू नका. बाजूच्या पट्ट्यांवर उभं राहून ताशी ३ ला सुरू करा. लाल दोरीची सेफ्टी क्लिप कपड्याला लावा, सगळ्यांनी. धावून झाल्यावर पाच मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, डोकं हलकं होतं, त्यात जमीन सरकल्याचा भास होतो आणि माणूस पडतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात हे जास्त जपा, बेल्ट सूचना न देता थांबतो.

घरच्या मशीनची आबाळ

बेल्ट डावीकडे सरकतोय म्हणून डावीकडचा मागचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवा, दोन मिनिटं रिकामा चालवून बघा, मगच पुढचा पाव फेरा. उजवीकडे सरकला तर उजवा बोल्ट. एकदम पूर्ण फेरा फिरवणाऱ्यांचा बेल्ट दुसऱ्या कडेला घासून फाटतो. फळीला फक्त सिलिकॉन तेल, तेही माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल अजिबात नको. प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर नाही.

हट्टाने बाहेरच

उलटी चूकही तितकीच वाईट. ‘ट्रेडमिल म्हणजे खरं धावणं नव्हे’ म्हणत हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी हमरस्त्यावर वेगाच्या फेऱ्या मारणारे आपल्याच फुप्फुसांचं नुकसान करतात. धावताना श्वास कितीतरी पट वाढतो आणि धूळही त्याच प्रमाणात आत जाते. निघण्याआधी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघा. २०१ ते ३०० हा ‘वाईट’ गट आहे, तेव्हा वेगाचा सराव आत करा. ३०० च्या वर सगळंच आत, खिडक्या बंद ठेवून. दमेकऱ्यांनी १०१ नंतरच सावध व्हावं आणि फवारा खिशात ठेवावा. मुसळधार पावसात, विजा चमकत असताना किंवा भटकी कुत्री टोळीने असलेल्या गल्लीतून पहाटे जायची वेळ आली तरी ट्रेडमिलच निवडा.