मंडळाची खोली वर्षभर उघडी : आठवी ते बारावीच्या मुलांचा गट कसा चालवावा

गणपती विसर्जनानंतर बहुतेक मंडळांच्या खोलीला कुलूप लागतं. आत सतरंज्या आणि मांडवाचं सामान पडून असतं. ही खोली वस्तीतल्या शाळकरी मुलांच्या उपयोगी आणता येते.

आधी मंडळाच्या बैठकीत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मागून घ्या. वार आणि वेळ पक्की हवी. जबाबदार मोठी माणसं दोन, त्यातली एक बाई असावी, नाहीतर मुली फिरकणारच नाहीत. बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल असं कधीही राहायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लावा.

मग भाषणं न देता कामं द्या. सगळ्यात उत्तम काम हिशेबाचं. वर्गणीच्या पावत्या जुळवणं, दोन मांडववाल्यांकडून दर आणणं, खर्चाची बिलं चिकटवणं हे नववीचा मुलगा किंवा मुलगी सहज करते. पैसे मात्र खजिनदाराकडेच राहू द्या. चूक सापडली तर मुलांनाच शोधू द्या, ओरडू नका. मोठे कार्यकर्ते इथे कुरकुरतात. पोरांनी बिल मागितलेलं सगळ्यांनाच रुचत नाही, पण माझ्या मते गट चालवायचा तो याचसाठी.

दहावीनंतरच्या वाटांसाठी बाहेरचा वक्ता शोधत बसू नका. वस्तीतला वायरमन, नर्सताई, बँकेतले काका यांना महिन्यातून एकदा बोलवा. पहिला पगार किती होता, रजा मिळते का, कंटाळा कशाचा येतो, हे मुलांना विचारू द्या. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ही माहिती अजूनही अनेक घरांत उशिरा पोचते.

आठवीतल्या मुलांची वेगळी यादी करा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

खेळ, ढोलपथक हे आपोआप जमतं, त्यावर फार डोकं लावू नका. फक्त नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर या मुलांचे फोटो छापायला ठाम नकार द्या. परीक्षेच्या दिवसांत खोली रोज उघडी ठेवा, तेव्हा पंखा, दिवे आणि शांतता एवढंच लागतं.

वर्ष संपताना मंडळाच्या सभेत जमाखर्च वाचायला गटातलंच कुणीतरी उभं करा. प्रश्न आले तर उत्तरंही त्यांनाच देऊ द्या. खजिनदार शेजारी बसलेला असतोच.