प्रीएक्लॅम्पसिया वेळेत कसा ओळखावा

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड अथवा रक्तातील प्लेटलेटवर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. सुरुवातीला बहुतेकींना काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरे वाटते म्हणून तपासणी चुकवू नये.

पहिलटकरीण, जुळी बाळे असलेली, आधीच्या खेपेस हाच त्रास झालेली किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार अथवा पूर्वीपासून रक्तदाब असलेली स्त्री यांना धोका अधिक असतो. अशांनी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिनविषयी विचारावे; ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. स्वतःच्या मनाने मात्र ती घेऊ नये.

घरी रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून शांत बसावे. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंडाला आवळते, म्हणून सैल कपडे घालून पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा. आकडा तारीख-वेळेसह लिहून ठेवावा. तो १४०/९० च्या वर गेल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १६०/११० दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे, गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा.

पायांवरची सूज बहुतेक गर्भवतींना येते, पण चेहरा एकाएकी सुजला किंवा कालपर्यंत सैल असलेल्या बांगड्या मनगटात रुतू लागल्या, तर ती सूज वेगळी समजावी. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यांतले शेवटचे दुखणे घरोघरी ‘पित्त’ म्हणून सोडा-लिंबावर निभावले जाते, आणि तिथेच मोलाचे तास वाया जातात. पुढची पायरी झटके येण्याची असते. ते टाळण्यासाठी रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट देतात.

सातव्या महिन्यानंतर माहेरी जाताना ओटीच्या सामानाआधी तपासणीचे कार्ड आणि रक्तदाबाच्या नोंदी पिशवीत ठेवाव्यात, कारण नव्या डॉक्टरांना आधीचे आकडे ठाऊक नसतात.

या आजारावर खरा उपाय प्रसूती हाच असला तरी प्रसूतीनंतर धोका लगेच सरत नाही. सहा आठवड्यांपर्यंत, विशेषतः पहिल्या आठवड्यात, रक्तदाब उसळू शकतो. बाळंतिणीचे डोके दुखले की वारा लागला म्हणून कान बांधतात. कान खुशाल बांधावेत, पण त्याआधी रक्तदाब मोजावा.