थ्रेड संपेपर्यंत थांबायचं कसं?

सी प्रोग्रामात थ्रेड (एकाच प्रोग्रामात समांतर चालणारी कामं) सुरू केले, पण त्यांनी काहीच छापलं नाही आणि प्रोग्राम संपला, तर आधी मेन फंक्शन बघा. मेन रिटर्न झालं की अख्खी प्रोसेस संपते आणि चालू थ्रेड काम अर्धवट टाकून मरतात. अनेकजण इथे मेनला थांबवायला स्लीपची ५ सेकंदं घालतात. कृपया तसं करू नका. लोड वाढला की तेच काम ५ सेकंदांत होत नाही, आणि अशी चूक शोधताना फार जीव जातो.

त्यासाठी पीथ्रेड_जॉइन (pthread_join) आहे: दिलेला थ्रेड संपेपर्यंत हे फंक्शन थांबतं. थ्रेडचे आयडी ॲरेत ठेवा. एका लूपमध्ये सगळे थ्रेड तयार करा आणि जॉइन दुसऱ्या, वेगळ्या लूपमध्ये करा. दोन्ही एकाच लूपमध्ये आले तर पहिला थ्रेड संपल्याशिवाय दुसरा सुरूच होत नाही. जॉइनच्या क्रमाची चिंता नको: जो आधीच संपलाय, त्याच्यावरचा जॉइन लगेच परततो.

थ्रेडने परत दिलेला पॉइंटर जॉइनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून मिळतो. तो थ्रेडच्या लोकल व्हेरिएबलचा मात्र नको, कारण थ्रेड संपल्यावर त्याचा स्टॅक (लोकल व्हेरिएबलची जागा) वैध राहत नाही. मॅलॉकने घेतलेली जागा द्या, किंवा मेनमधलं स्ट्रक्चर वापरा.

आणखी एक. जॉइन एररनो (errno, चुकीचा कोड ठेवणारं सीचं व्हेरिएबल) बदलत नाही, एरर कोड थेट परत देतो. ० आला तरच पुढे जा.

ज्या थ्रेडसाठी थांबायचंच नाही, त्याला पीथ्रेड_डिटॅच करा, नाहीतर संपल्यावरही त्याची मेमरी अडकून राहते.