हबमधला प्ले: कोन कसायचा की बेअरिंग बदलायचं?

हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ॲक्सल त्यातून जाणारा दांडा आणि प्ले म्हणजे हबमधली ढिलाई. कोन हा ॲक्सलवरचा शंकूसारखा नट, तो बेअरिंगचे छरे दाबून धरतो. तपासताना चाक सायकलवर नीट आवळलेलं असू द्या. एका हाताने फोर्क धरा, दुसऱ्याने रिम ब्रेकजवळ पकडून डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर हबमध्ये प्ले आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलल्यावर हँडलखाली ठोका बसत असेल, तर आधी हेडसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बघा. मागे रिम स्थिर आणि फक्त कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) डुलत असेल तर तो फ्रीहबचा, म्हणजे कॅसेट बसते त्या भागाचा प्ले. तो थोडा असतोच, कोन कसून जात नाही.

साध्या सायकली आणि शिमानोचे बहुतेक हब सुट्या छर्‍यांचे असतात. सहसा पुढे प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागे १/४ इंचाचे ९. काढताना मोजा आणि बदलायचे तर सगळे एकदम बदला. कोन फिरत नाही, त्यामुळे भार कायम त्याच्या एकाच भागावर येतो आणि खड्डे आधी तिथे पडतात. असा कोन कसून उपयोग नाही, नवाच घाला. कपलाच (हबमधल्या छरे बसायच्या वाटीला) खड्डे असतील तर बहुधा हब बदलावा लागतो.

कसणं एकाच बाजूने करायचं, मागच्या चाकात डाव्या. कोनला पातळ कोन पाना लागतो, बहुधा पुढे १३, मागे १५ मिमी. लॉकनटला (कोन जागेवर पक्का करणाऱ्या बाहेरच्या नटला) अनेकदा १७. कोन हाताने टेकवा, किंचित मागे घ्या, पान्याने धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. खरी गंमत इथेच आहे: लॉकनट आवळताना कोन थोडा आत सरकतो, म्हणून पहिल्या फेरीत क्वचितच जमतं. क्विक रिलीज (लिव्हरने चाक आवळायची सोय) असेल तर चाक बाहेर असताना बारीकसा प्ले राहू द्या. लिव्हर दाबला की पोकळ ॲक्सल थोडा आखडतो आणि प्ले निघून जातो. बाहेरून नट असलेल्या भरीव ॲक्सलला मात्र प्ले ठेवू नका. ॲक्सल बोटांनी फिरवताना खरखर लागली तर जास्त कसलं गेलंय किंवा खड्डे आहेत. थोड्या प्लेपेक्षा जास्त कसलेला कोन लवकर मरतो.

एका जागी घट्ट आणि अर्धा फेरा फिरवल्यावर सैल? ॲक्सल वाकलाय. फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा दातेरी चकत्यांचा संच) असलेल्या मागच्या चाकात उजवं बेअरिंग बरंच आत असतं, तिथे हे नेहमीचं.

कार्ट्रिज बेअरिंगला (छरे आत बंद असलेल्या तयार बेअरिंगला) सहसा कसायची सोय नसते. काही हबना बाजूला प्रीलोडची (बेअरिंगवर थोडा दाब देणारी) रिंग असते, ती आधी तपासा. नाहीतर बेअरिंग बदलायचं. सीलवर नंबर असतो: ६००१ म्हणजे १२×२८×८ मिमी, ६९०२ म्हणजे १५×२८×७. नंबरामागे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. नवं बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या. आतल्या रिंगवर ठोकलं तर छर्‍यांचे व्रण रेसवर (छरे फिरतात त्या पृष्ठभागावर) उमटतात आणि बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं. ठोकून काढलेलं बेअरिंग परत वापरू नका. नवं बेअरिंग हबमध्ये बोटाच्या दाबाने सहज सरकलं तर खाचच झिजली आहे, प्ले परत येणार.