हॅचरी मॅनेजर झालात? डिस्प्ले सोडा, पिल्लाची मान बघा

अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या हॅचरीत नवीन लागलेला मॅनेजर दिवसभर सेटरच्या, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनच्या, डिस्प्लेसमोर उभा असतो. ९९.५ फॅरनहाइट दिसलं की गडी निवांत. पण सेन्सरचं मोजमाप हळूच सरकतं आणि ते डिस्प्ले सांगत नाही. खात्रीच्या थर्मामीटरशी ते अधूनमधून ताडून घ्यायचंच.

एग रूम, म्हणजे अंडी साठवायची खोली, १६ ते १८ सेल्सिअस ठेवा, अंडं आठवड्याच्या आत सेटरमध्ये लावा. थंड अंडी थेट सेटरमध्ये ढकलू नका. कवचाला घाम सुटतो आणि वरची घाण आत ओढली जाते.

अठराव्या दिवशी अंडी हॅचरला, म्हणजे पिल्लं फुटायच्या मशीनमध्ये, हलवताना ठरलेला एक ट्रे तोला. लावतानाच्या वजनात ११ ते १३ टक्के घट हवी. कमी भरली तर सेटरमध्ये दमटपणा जास्त होता. मग पिल्लं पोट सुटलेली, मऊ निघतात.

आता खरी गोष्ट, पुलिंगची, म्हणजे हॅचरमधून पिल्लं बाहेर काढायची वेळ. रजिस्टरवर २१ दिवस लिहिलंय म्हणून ट्रॉली ओढू नका. दार किलकिलं करून दोन-चार ट्रे बघा. शंभरातल्या पाचेक पिल्लांची मान मागून ओली असेल, बाकीची कोरडी फुललेली असतील, तर काढा. सगळीच कोरडी म्हणजे उशीर झाला. रिकाम्या टरफलांवर पिल्लांची हिरवट विष्ठा दिसली तरी तेच: पिल्लं कधीची बाहेर येऊन आत सुकत बसलीत. पिल्लं न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न वाजवत राहील, वाजवू द्या.

न फुटलेली अंडी फेकण्याआधी फोडा. वांझ किती, पहिल्या आठवड्यात मेलेली किती, चोच मारून अडकलेली किती, ते फ्लॉकवार, म्हणजे अंडी कोंबड्यांच्या कोणत्या कळपाची त्याप्रमाणे, लिहा. अंडी देणाऱ्या ब्रीडर फार्मवाल्याशी भांडायला हाच कागद उपयोगी पडतो.

लाइट गेली आणि जनरेटर अडला, तर नवखा माणूस ऊब जाऊ नये म्हणून दारं घट्ट लावतो. उलटं करा. शेवटच्या दिवसांतलं अंडं स्वतःच तापतं, पंखे बंद पडले की आतच शिजतं. हॅचरची दारं आधी उघडा.

सेटिंगचा, म्हणजे अंडी मशीनमध्ये कधी लावायची याचा, हिशेब पंचांग समोर ठेवून करा. अंड्याचे २१ दिवस, ब्रॉयलरचे चाळीसेक, म्हणजे दोन महिने. गटारीचा माल वैशाख अमावास्येच्या सुमारास मशीनमध्ये जायला हवा, आणि नेमकं तेव्हाच उन्हानं ब्रीडर कोंबड्यांची अंडी घटलेली असतात. अंड्यांचं बुकिंग चैत्रातच करून टाका. गटारीचा माल लावून झाला की लगेच सेटिंग कमी करा. श्रावणात पक्ष्याला उठाव नसतो, आणि शेतकरी पिल्लू उचलायला तयार होत नाही.