डोक्याला मार लागून महिने झाले तरी थकवा जात नसेल तर हार्मोन्स असे तपासून घ्या

दादा बाईकवरून पडला, चार दिवस आयसीयूत होता, मग टाके सुकले, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी बघावं तर हा माणूस जेवता जेवता ताटावर पेंगतोय, मे महिन्यात अंगावर गोधडी घेतोय, आणि एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला आठवडाभर दाढीची गरजच पडत नाहीये. जो तो म्हणायचा मनाने घेतलंय, धीर द्या. निघालं काय तर पिट्युटरी.

थायरॉइडसारख्या इतर ग्रंथींना हुकूम देणारी ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूखाली हाडाच्या खोबणीत बारीक देठाला लटकलेली असते, डोक्याला जोरात हिसका बसला की देठातल्या रक्तवाहिन्या दुखावतात. पण काही जणांत शरीर स्वतःच्याच पिट्युटरीविरुद्ध अँटिबॉडीज, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवायला लागतं असंही दिसलंय. तुर्कस्तानातल्या कायसेरीच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये छापलेल्या अभ्यासात मार लागून तीन वर्षं झालेल्या 29 जणांपैकी 13 जणांत त्या सापडल्या, आणि त्या 13 पैकी 6 जणांची पिट्युटरी कमी पडत होती, उरलेल्या 16 मध्ये फक्त दोघांची. म्हणजे बिघाड नंतरही होऊ शकतो, म्हणून हार्मोन्सचा एक रिपोर्ट चांगला आला की विषय संपला असं धरू नका, साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत बघा.

जायचं एन्डोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे, आणि डोक्याला मार लागला होता हे आधी सांगायचं, डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायचं. रक्त सकाळी आठच्या सुमारास द्या कारण कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात शरीराला सावरणारं हार्मोन, तेव्हा सगळ्यात जास्त असतं, दुपारच्या आकड्यावरून काही कळत नाही. स्टिरॉइडची गोळी, पंप, मलम काहीही चालू असेल तर लपवू नका. तपासायचं काय, तर कॉर्टिसॉल, फ्री टी-4 (थायरॉइडचं हार्मोन), टीएसएच (पिट्युटरीचा थायरॉइडला जाणारा हुकूम), सोडियम, आयजीएफ-1 (यावरून ग्रोथ हार्मोनचा अंदाज येतो), आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन. बायकांत पाळी बंद झाली असेल तर तेही सांगायचं. आणि प्लीज, नुसती टीएसएच करून थायरॉइड ठीक आहे असं मानू नका, इथे हुकूम देणारी ग्रंथीच आजारी असते त्यामुळे टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी-4 खाली असतं, आमचे तीन महिने यातच गेले. अँटिबॉडीच्या टेस्टमागे पळू नका, औषध ठरतं ते हार्मोनच्या आकड्यांवर.

कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची कमी भरून काढणारं स्टिरॉइड), मग थायरॉइडची गोळी, हा क्रम उलटा झाला तर जीवावर बेतू शकतं कारण त्या गोळीतल्या थायरॉक्सिनमुळे उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर संपतं. हायड्रोकॉर्टिसोन मनाने बंद करायचं नाही. ताप आला तर डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, चक्कर येत असेल तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

वहिनीने दादाच्या पाकिटात लायसन्सच्या मागे एक चिठ्ठी ठेवलीय, स्टिरॉइडवर आहे, बेशुद्ध सापडल्यास हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यावं, खाली तिचा फोन नंबर.